लांब पल्ल्याची तिहेरी शर्यत आणि वऱ्हाडातील पल्ल्याची परंपरा

क्रीडेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे विजेत्यांची नावे, पदके आणि विक्रम यांचीच नोंद बहुधा केली जाते. कुस्ती किंवा कबड्डी यांसारख्या खेळांपुरती ही पद्धत पुरेशी आहे. कारण तेथे जय, पराजय आणि क्वचित बरोबरी यांपलीकडे निकाल संभवत नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे जिंकणे आणि हरणे यांहून वेगळा असा आणखी एक निकाल असतो, तो म्हणजे शर्यत पुरी करणे. शंभरावा आलेला धावपटूही तेथे पराभूत मानला जात नाही. पराभवाचा प्रश्न उद्भवतो तो पल्ला अर्ध्यावर सुटला तर.

हा निकाल ज्या स्पर्धेत सर्वांत ठळकपणे दिसतो ती स्पर्धा म्हणजे ट्रायथलॉन, अर्थात तिहेरी शर्यत, आणि तीतही तिचा दीर्घ प्रकार. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालविणे आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी तिची तीन अंगे असून एकंदर अंतर २२६ किलोमीटर भरते. तीन अंगांमध्ये घड्याळ थांबत नाही. ओले कपडे बदलण्यास लागलेला वेळही हिशेबात धरला जातो. या शर्यतीत उतरणाऱ्यांपैकी फारच थोडे जिंकण्याच्या उद्देशाने येतात. बाकीचे येतात ते पुरी करण्यासाठी. पहिल्याच खेपेस ती पुरी होणे ही त्यांच्या आयुष्यातील मोठी घटना ठरते.

केवळ पुरे करणे हीच कामगिरी, ही कल्पना क्रीडेत कशी रूढ झाली, आणि वऱ्हाडच्या परंपरेशी तिचा काही संबंध जुळतो काय, हे दोन प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारार्थ घेतले आहेत. वऱ्हाडात पल्ल्याची परंपरा होती आणि व्यायामाचीही होती. परंतु त्या दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या वाहत राहिल्या, असे येथे दाखवावयाचे आहे. तिहेरी शर्यतीत त्या एकत्र येऊ शकतात. मात्र त्या वेळी जुन्या परंपरेतील एक मूल्य हरवू नये, हेही सांगणे अवश्य आहे.

१. व्रत म्हणून पल्ला

वऱ्हाडच्या माणसास लांबचे अंतर नवे नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा चारशे वर्षांहून अधिक जुनी सांगितली जाते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरला जाते. तिचा एकेरी पल्ला सातशे किलोमीटरांच्या पुढे असून चालण्यास सुमारे महिना लागतो. खुद्द अकोल्यात श्रावणातील अखेरच्या सोमवारी ग्रामदैवत राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणले जाते. हे अंतर सुमारे अठरा किलोमीटर आहे आणि कावडधारी ते अनवाणी चालतात. १९४४ च्या अवर्षणात शहरातील तरुणांनी पावसासाठी देवाला पाण्याची धार धरली, तेव्हापासून ही प्रथा सुरू झाल्याचे अकोल्यात सांगितले जाते.

या सर्व उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. पहिली अशी की, अंतर ठरलेले असते, परंतु ते किती वेळात तोडले याची नोंद कोणी ठेवीत नाही. दुसरी अशी की, पुरे करणे हेच सर्वस्व असते; आधी पोहोचलेल्यास अधिक पुण्य लाभते असे कोणी मानीत नाही. तिसरी गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. येथे भार एकट्याने वाहावयाचा नसतो. कावडीला खांदेपालट असतो. दिंडीबरोबर सामानाची वाहने असतात, मुक्कामाच्या गावी जेवणाची सोय असते, आणि ज्याचे पाय चालेनासे होतात त्याला वाहनात बसविले जाते. अशा वारकऱ्याची वारी मोडली असे त्याच्या दिंडीतील कोणीही म्हणत नाही. समूहाने पुरा केलेला पल्ला त्याच्याही नावावर जमा होतो.

२. आखाडा आणि मैदान

व्यायामाची परंपरा याच भूमीत, पण वेगळ्या वाटेने वाढली. १९१४ साली अनंतराव आणि अंबादासपंत या वैद्य बंधूंनी अमरावतीस ज्या आखाड्याचा पाया घातला तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर प्रसिद्ध झाला. मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती, आसने अशा देशी व्यायामप्रकारांना शिस्तबद्ध शिक्षणक्रमाचे रूप देणे हे या संस्थेचे मोठे कार्य होय. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी व इतर भारतीय प्रकारांची प्रात्यक्षिके केली. अमरावतीच्या एका व्यायामशाळेतील तरुणांनी जागतिक क्रीडामेळाव्यात देशी खेळ दाखवावेत, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

या शिक्षणाचे स्वरूप पाहिले म्हणजे असे दिसते की, त्याचा भर ताकद, लवचीकपणा, चपळाई आणि सांघिक शिस्त यांवर होता. मल्लखांबावरील कसरत काही मिनिटांची असते आणि कुस्तीचा निकाल एका डावात लागू शकतो. शरीर घडविणे हे ध्येय होते आणि त्यामागे राष्ट्र घडविण्याचा हेतू होता. शरीर तासन् तास एकाच कामी राबवून त्याची मर्यादा पाहणे हे त्या ध्येयात बसत नव्हते. हा दोष नव्हे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, पल्ला देवाकडे राहिला आणि व्यायाम आखाड्याकडे. मैलभर अंतर घड्याळ लावून मोजण्याची कल्पना वऱ्हाडात या दोहोंपैकी कोणत्याही परंपरेतून आली नाही.

३. लंडन १९०८ आणि अँटवर्प १९२०

घड्याळाने मोजलेला लांब पल्ला हा आधुनिक ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन शर्यतीमुळे जगभर परिचित झाला. त्या इतिहासातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. २४ जुलै १९०८ रोजी लंडनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री क्रीडांगणात सर्वांच्या आधी शिरला. पण तो इतका थकला होता की चुकीच्या दिशेने वळला आणि पुनःपुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी त्याला उठवून अंतिम रेषेपर्यंत जाण्यास साहाय्य केले आणि त्याच साहाय्यामुळे तो स्पर्धेतून बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला वेगळा चषक दिला. दिंडीतील न्याय आणि मैदानातील न्याय यांतील भेद या एका प्रसंगात उघड होतो. दिंडीत जो आधार धर्म ठरतो, तोच मैदानावर नियमभंग ठरतो.

मराठी मुलखाचा या शर्यतीशी प्रत्यक्ष संबंध आला तो १९२० साली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत खेडोपाडीचे तरुण अनवाणी धावत. त्यांना युरोपीय नियमांची माहिती नव्हती. तरीही त्यांच्या वेळा लक्षणीय असल्याचे जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या ध्यानात आले. त्यांच्या पुढाकाराने आणि द्रव्यसाहाय्याने बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिम्पिकसाठी भारताचे पथक प्रथमच पाठविण्यात आले. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोन लांब पल्ल्याचे धावपटू होते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिम्पिकच्या इतिहासात इतक्या लांब पल्ल्याची मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. परका देश, अनोळखी हवा आणि त्याहून अनोळखी असे स्पर्धेचे तंत्र, या सर्वांवर मात करून ऑलिम्पिक मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. दातारांची शर्यत मात्र पुरी होऊ शकली नाही.

एकोणिसावा क्रमांक पदकांच्या यादीत दिसत नाही. म्हणूनच चौगुल्यांचे नाव बेळगाव-पुण्याबाहेर फारसे राहिले नाही, आणि दातारांचे तर त्याहूनही कमी. या दोघांची शर्यत एकत्र वाचली पाहिजे. एकाच बोटीने गेलेल्या, एकाच रस्त्यावर धावलेल्या दोघांपैकी एकाचा पल्ला पुरा होतो आणि एकाचा सुटतो. लांब पल्ल्याचे खरे स्वरूप हेच आहे.

४. होनोलुलूची तिहेरी शर्यत

पोहणे, सायकल आणि धावणे यांची आजच्या अर्थाने ट्रायथलॉन म्हणून ओळखली जाणारी शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली. तिचे अंतर अगदी थोडे होते. त्या शर्यतीत भाग घेतलेले नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी हे पुढे हवाई बेटांवर राहावयास गेले. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांपैकी सर्वांत कणखर कोण, असा वाद तेथील खेळाडूंत १९७७ साली निघाला. त्यावर कॉलिन्स यांनी सुचविले की, ओआहू बेटावर आधीपासून होत असलेल्या तीन लांब पल्ल्यांच्या स्पर्धा एकत्र जोडाव्यात आणि एकाच दिवशी पुऱ्या कराव्यात. आज जगभर रूढ असलेली अंतरे अशा रीतीने ठरली. शरीरशास्त्राचा कोणताही सिद्धान्त त्यांच्यामागे नाही. स्थानिक वादातून ती निघाली आहेत.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले आणि बारा जणांनी शर्यत पुरी केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. त्या वर्षी प्रत्येकाने आपल्याबरोबर आपले मदतनीस आणावयाचे होते. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, आणि त्या अवस्थेत त्याने उरलेले अंतर तोडले. स्वतः कॉलिन्सही पुरे करणाऱ्यांत होते; ते विजेत्यानंतर कित्येक तासांनी पोहोचले. पुढील वर्षी वादळी हवेमुळे शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली. त्या वेळी लिन लेमेअर ही शर्यत पुरी करणारी पहिली स्त्री ठरली आणि सर्वांमध्ये पाचवी आली.

केवळ पुरे करण्याला जी प्रतिष्ठा मिळाली तिचे श्रेय मात्र फेब्रुवारी १९८२ च्या शर्यतीस दिले पाहिजे. स्त्रियांत आघाडीवर असलेली ज्यूली मॉस ही विद्यार्थिनी अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून विजयी झाली. मॉस मात्र कोणाचा आधार न घेता हातापायांवर रांगत रेषेपर्यंत गेली आणि अवघ्या २९ सेकंदांच्या अंतराने दुसरी आली. हे दृश्य दूरचित्रवाणीवरून लक्षावधी लोकांनी पाहिले आणि पुढील काळात या शर्यतीकडे सामान्य माणसांचा ओघ सुरू झाला. लोकांच्या स्मरणात राहिली ती रांगणारी स्पर्धक. विजेतीचे नाव आज थोड्यांनाच आठवते. दोरांदोला आधार मिळाला आणि तो बाद झाला. मॉसने आधार नाकारला आणि तिचे पुरे करणे ग्राह्य ठरले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांनी आधुनिक शर्यतीचा नियम आणि तिचे आकर्षण या दोन्ही गोष्टी स्पष्ट केल्या.

५. विघ्नांचे स्वरूप

लांब पल्ल्यात विघ्ने अपवाद म्हणून येत नाहीत. ती पल्ल्याचाच भाग असतात. स्नायूंत व यकृतात साठविलेली शर्करा साधारणतः दोन-अडीच तासांच्या तीव्र श्रमांनंतर संपत येते. पुढील श्रम वाटेत खाल्लेल्या अन्नावर आणि शरीरातील चरबीवर चालवावे लागतात. खाणे चुकले तर सायकलवरच हातपाय गळतात. जास्त झाले तर धावताना पोट बिघडते. पाणी कमी पडले तर उष्माघाताचे भय; केवळ पाणी भरमसाट प्याले आणि मीठ घेतले नाही, तर रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरून जीवही धोक्यात येतो. यांखेरीज चाकातील हवा जाणे, साखळी तुटणे, लाटांत दिशा चुकणे या बाह्य अडचणी आहेतच.

वऱ्हाडातून या शर्यतीची तयारी करणाऱ्याला आणखी काही अडचणी भूगोलाने दिलेल्या आहेत. येथे समुद्र नाही. पोहणे शिकावयाचे ते विहिरीत, तलावात किंवा तरणतलावात. त्यामुळे लाटा, खारे पाणी आणि समोर भिंत नसलेला विस्तार यांचा पहिला अनुभव बहुधा स्पर्धेच्या गावीच येतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो; तेव्हा लांबचा सराव पहाटे उरकावा लागतो. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, म्हणून किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. उलट किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. एका हवेतील सवय दुसऱ्या हवेत अपुरी पडते. दुसऱ्या बाजूस, परतवाड्याहून चिखलदऱ्यास चढणारा घाट आणि पूर्णाखोऱ्यातील सरळ रस्ते हे सायकलच्या सरावाला अनुकूल आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पहिली लांब शर्यत पुरी करणे ही केवळ जिद्दीची गोष्ट नव्हे. किती खावे, केव्हा प्यावे, कोठे वेग आवरावा याचा हिशेब तेथे जिद्दीइतकाच उपयोगी पडतो. ज्याला आपण विघ्नावर मात म्हणतो ती पुष्कळदा विघ्न ओळखून वेळीच गती कमी करण्यातून साधलेली असते.

६. महाराष्ट्राचा अलीकडील अनुभव

एकविसाव्या शतकात ही परंपरा मराठी मुलखात रुजू लागली. २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेले मिलिंद सोमण यांनी झुरिच येथील दीर्घ ट्रायथलॉन पुरी केली. पूर्वी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू असलेल्या सोमणांची ती पहिलीच अशी शर्यत होती. त्याच वर्षी नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पुरी करणाऱ्यांत नाशिक येथे असलेले सैन्यदलातील वैद्यकीय अधिकारी श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ हे दोघे होते. गोकुळनाथांचा आदल्या वर्षीचा प्रयत्न अपुरा राहिला होता. दुसऱ्या खेपेस तो सिद्धीस गेला. पुढे २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर दीर्घ शर्यतीच्या निम्म्या अंतराची, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरांची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यामुळे परदेशी न जाताही अशा शर्यतीत उतरणे मराठी खेळाडूंना शक्य झाले.

गोकुळनाथांच्या उदाहरणात १९२० च्या दातारांच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी सापडते. दातारांना पुन्हा ऑलिम्पिकमध्ये धावण्याची संधी मिळाली नाही. त्या काळी साधन आणि संघटन या दोन्हींचा अभाव होता. आज अपुरी राहिलेली शर्यत पुढील शर्यतीची तयारी ठरू शकते. पण त्यासाठी थांबणाऱ्याला थांबता आले पाहिजे. दीर्घ ट्रायथलॉनला सामान्यतः सोळा ते सतरा तासांची मुदत असते आणि प्रत्येक टप्प्यालाही वेळेची मर्यादा असते. मुदत टळली की स्पर्धकाला थांबविले जाते. हा नियम कठोर वाटतो. परंतु माणसाला स्वतःच्या हट्टापासून वाचविणे हाही त्याचा एक उपयोग आहे.

येथे जुन्या आणि नव्या परंपरेची तुलना पुरी करता येते. कावडीच्या आणि दिंडीच्या परंपरेने पल्ला पुरा करण्याला मोल दिले, पण त्याचबरोबर ज्याचे पाय थकले त्याला वाहनात जागा दिली आणि त्याचा मान राखला. अमरावतीच्या व्यायामशाळेने शरीराला शिस्त आणि शास्त्र दिले. होनोलुलूच्या शर्यतीने अंतराला घड्याळ लावले आणि विजयाहून वेगळी अशी पूर्तीची नोंद रूढ केली. तिहेरी शर्यतीत उतरणारा वऱ्हाडी खेळाडू या तिन्हींचा वारस आहे. त्याने ज्यूली मॉसची चिकाटी घ्यावी यात शंका नाही. परंतु कोसळेपर्यंत न थांबणे म्हणजेच पुरुषार्थ, असा अर्थ त्या दृश्यातून काढला तर तो अनर्थकारक होईल. मैदानावर आधार नियमबाह्य असेल. मैदानाबाहेर तो देण्यास कोणताही नियम आड येत नाही. अर्ध्यावरून परतलेल्या स्पर्धकाला घरी, व्यायामशाळेत आणि गावात जी वागणूक मिळते तीवर तो पुढच्या वर्षी पुन्हा पाण्यात उतरेल की नाही हे अवलंबून असते.

क्रीडेच्या इतिहासकाराचेही यात एक कर्तव्य आहे. विजेत्यांची यादी आपोआप टिकते. एकोणिसाव्याची आणि अपुऱ्या राहिलेल्याची नोंद जाणीवपूर्वक ठेवावी लागते. जिल्ह्यातील शर्यतींच्या वह्यांत, क्रीडासंस्थांच्या अहवालांत आणि महाविद्यालयांच्या वार्षिकांत कोणी किती वेळात पुरे केले, कोण कोठे थांबला आणि कोणत्या कारणाने, हे लिहून ठेवण्याचा प्रघात पडला, तर वऱ्हाडातील पुढचा खेळाडू आपल्याच हवेत, आपल्याच रस्त्यांवर आधी चाललेल्यांच्या अनुभवाने शहाणा होऊन निघेल. चौगुले आणि दातार यांना अशी शिदोरी लाभली नव्हती.